डार्विन आणि ‘टॉप एंड’: भरती, पाऊस आणि मगरी यांच्या वेळा पाहून आखायचा प्रवास

ऑस्ट्रेलियाला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी सिडनी, मेलबर्न आणि फार तर गोल्ड कोस्ट पाहून परततात. नकाशाच्या वरच्या टोकाला, तिमोर समुद्राच्या काठावर वसलेले डार्विन त्यांच्या यादीत क्वचितच असते. नॉर्दर्न टेरिटरीची ही राजधानी जेमतेम दीड लाख वस्तीची असून तिला सिडनीपेक्षा जकार्ता जवळ आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला बारा अंशांवर असल्यामुळे येथे आपल्या ओळखीचे चार ऋतू नाहीत. एक कोरडा मोसम आहे आणि एक ओला. शहर, बंदर आणि मागे पसरलेला रानप्रदेश मिळून ज्या भागाला स्थानिक लोक ‘टॉप एंड’ म्हणतात, तेथे कोणता रस्ता उघडा आहे, कोणत्या डोहात उतरता येईल आणि कोणत्या वेळी किनाऱ्यावर जाण्यात अर्थ आहे हे सगळे पाणी ठरवते. म्हणून हॉटेल आणि विमान यांच्या आधी पाण्याचे वेळापत्रक पाहावे, अशा क्रमाने हा लेख लिहिला आहे.

महिना आधी, तिकीट नंतर

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा ओला, अशी ढोबळ विभागणी आहे. मात्र या प्रदेशाला हजारो वर्षे ओळखणाऱ्या लोकांना ती पुरेशी वाटत नाही. पूर्वेकडच्या ककाडू राष्ट्रीय उद्यानातील बिनिन्ज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, तर डार्विनच्या भूमीचे मूळ मालक असलेले लाराकिया लोक सात मानतात. प्रवाशाने बिनिन्ज ऋतूंपैकी निदान तीन ध्यानात ठेवावेत. मे महिन्याच्या आसपास येणारा ‘येग्गे’, म्हणजे गवत वाळू लागलेला, पाणथळ जागी कमळे फुललेली आणि हवा निवळलेली. जून-जुलैचा ‘वुर्गेंग’, म्हणजे रात्री अंगावर शाल घ्यावीशी वाटणारा थंड काळ. आणि ऑक्टोबरपासून पावसाची वाट पाहायला लावणारा ‘गुनुमेलेंग’, ज्याला शहरातले लोक ‘बिल्ड-अप’ म्हणतात. मृगाच्या आधी कोकणात जी तगमग होते, ती येथे दोन-अडीच महिने चालते. याच सुमारास आंबा पिकतो आणि उकाड्याने माणसे चिडचिडी होतात, त्या अवस्थेला तेथे चक्क ‘मँगो मॅडनेस’ असे नाव आहे.

माझी शिफारस मेअखेर ते जुलै या काळाची आहे. जून ते ऑगस्टमध्ये खुद्द ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील थंडीला कंटाळलेले लोक येथे लोटतात, त्यामुळे जुलैसाठी गाडी आणि मुक्काम किमान चार-पाच महिने आधी राखून ठेवावेत. ओल्या मोसमात जाऊच नये असे मात्र मी म्हणणार नाही. डार्विनच्या आकाशातील विजांचे तांडव आणि विमानातून दिसणारे भरलेले धबधबे हा वेगळाच अनुभव आहे. परंतु तेव्हा अनेक रस्ते पाण्याखाली जातात, चक्रीवादळांचा धोका असतो आणि पहिलीच भेट असेल तर निम्मी ठिकाणे बंद पाहून मन खट्टू होते.

कागदपत्रे, विमान आणि सामान

भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी साधारणपणे उपवर्ग ६०० चा व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मुंबईहून सर्वांत सरळ वाट सिंगापूरमार्गे आहे. तेथून डार्विनचा थेट प्रवास सुमारे साडेचार तासांचा होतो. नॉर्दर्न टेरिटरीची वेळ भारताच्या बरोबर चार तास पुढे असते आणि घड्याळ उन्हाळ्यात पुढे सरकवण्याची पद्धत तेथे नाही, त्यामुळे घरच्यांना फोन करण्याचा हिशेब वर्षभर सोपा राहतो.

विमानतळावरच्या जैवसुरक्षा तपासणीला हलक्यात घेऊ नये. ताजी फळे, भाज्या, बिया, दुग्धजन्य पदार्थ, मांस, मसाले, औषधी मुळ्या यांपैकी काहीही जवळ असल्यास प्रवेशपत्रिकेवर ‘होय’ अशी खूण करावी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेल्या वस्तूवर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एका आजींच्या पर्सच्या कप्प्यातून विमानात मिळालेले एक सफरचंद निघाले. त्यांनी विसरल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, तरी पुढची वीस मिनिटे त्यांची प्रत्येक पिशवी उघडली गेली. घरचे मेतकूट आणि लोणचे न्यायचेच असेल, तर ते कारखान्यातून बंद होऊन आलेल्या, नाव छापलेल्या पाकिटात न्यावे आणि तेही जाहीर करावे. डार्विनमध्ये भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत, त्यामुळे डाळ-तांदळासाठी बॅगेतील जागा अडवण्याचे कारण नाही.

सामानात सुती, पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, पाण्यात चालतील असे बूट आणि डास-माश्यांसाठी चांगले मलम असावे. खारफुटीजवळ ‘सँडफ्लाय’ नावाचे बारीक चिलट चावते आणि पौर्णिमेच्या सुमारास त्याचा उपद्रव वाढतो. त्याच्या चाव्याची खाज आठवडाभर जात नाही.

शहरासाठी तीन दिवस, आणि हातात भरती-ओहोटीचा तक्ता

डार्विनच्या बंदरात भरती आणि ओहोटी यांतील फरक उधाणाच्या दिवशी आठ मीटरपर्यंत जातो; मुंबईच्या उधाणात तो पाच मीटरच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. सकाळी पाहिलेला निळा किनारा दुपारी मैलभर चिखल होऊन बसतो. म्हणून शहरात उतरल्यावर पहिले काम म्हणून हवामान खात्याच्या संकेतस्थळावरील त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा टिपून घ्याव्यात. डॉक्टर्स गली येथे भरतीच्या वेळी शेकडो बोयटे आणि इतर मासे पावाचे तुकडे खायला थेट पायांशी येतात. ती वेळ रोज बदलते. याउलट ईस्ट पॉइंटचे लालसर खडक आणि त्यांतली पाण्याची कुंडे ओहोटीला पाहावीत, आणि सूर्य कलताना तेथेच थांबावे, कारण त्या वेळी गवतात छोटे कांगारू, म्हणजे वॉलबी, चरायला येतात.

समुद्र इतका जवळ असूनही त्यात उतरायचे नाही, हा येथील पहिला नियम आहे. मगरींचा धोका बारा महिने असतो आणि ऑक्टोबर ते मे या काळात पेटीसारख्या आकाराची विषारी जेलीफिश किनाऱ्याजवळ येते, जिचा दंश जीवघेणा ठरू शकतो. पोहण्याची हौस वॉटरफ्रंट भागातील बांध घातलेल्या सरोवरात भागवावी.

शहरात जुनी इमारत फारशी दिसत नाही, याला दोन तारखा कारणीभूत आहेत. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी डार्विनवर दोनदा हल्ला केला. त्यात किमान २३५ माणसे मेली आणि पुढे नोव्हेंबर १९४३ पर्यंत हल्ले होत राहिले. त्यातून सावरलेले शहर २४ डिसेंबर १९७४ च्या रात्री ‘ट्रेसी’ या चक्रीवादळाने अक्षरशः भुईसपाट केले. ६६ जण दगावले, सत्तर टक्क्यांहून अधिक इमारती कोसळल्या आणि तीस हजारांवर लोकांना इतर शहरांत हलवावे लागले. बुलॉकी पॉइंटवरील संग्रहालय व कलादालनात या वादळाचे स्वतंत्र दालन असून त्यात एक छोटी काळोखी खोली आहे. त्या रात्री प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेला वाऱ्याचा आवाज तेथे ऐकवला जातो. पत्रा फाटत जातो तसा तो आवाज आहे, आणि लहान मुलांना आत नेण्यापूर्वी दारावरची सूचना वाचावी. याच संग्रहालयात ‘स्वीटहार्ट’ नावाची पाच मीटरहून लांब मगर पेंढा भरून ठेवली आहे. ती बोटींच्या इंजिनांवर हल्ले करीत असे. रानात जाण्यापूर्वी तिच्या शेजारी पाच मिनिटे उभे राहिले, तर पुढील सर्व सूचना आपोआप पाळल्या जातात. बंदराजवळचे तेल साठवण्याचे भुयारी बोगदे तासाभरात पाहून होतात.

गुरुवार किंवा रविवारची संध्याकाळ मिंडिल बीचच्या बाजारासाठी राखावी. तो एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत भरतो. तिमोर, थायलंड, श्रीलंका, ग्रीस अशा सगळ्या स्वयंपाकघरांचा धूर तेथे एकत्र होतो आणि सूर्य बुडण्याच्या दहा मिनिटे आधी निम्मा बाजार हातात ताट घेऊन वाळूवर जातो. शनिवारी सकाळी पाराप येथील बाजारात लाक्सा नावाचे नारळाच्या दुधातील तिखट सूप मिळते. शाकाहारी माणसाने त्यात कोळंबीची पेस्ट आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण बहुधा असते.

गाडी घेताना

रस्त्याची डावी बाजू आपल्याचसारखी, त्यामुळे गाडी चालवणे भारतीयांना सोपे जाते. इंग्रजीत छापलेला परवाना आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा. ककाडू, कॅथरीन आणि लिचफील्ड यांची मुख्य ठिकाणे डांबरी रस्त्यांवर आहेत आणि साध्या गाडीने कोरड्या मोसमात सहज होतात. जिम जिमसारख्या धबधब्याकडे जायचे असेल तरच चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) उंच गाडी घ्यावी. करारनाम्यातील तीन कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत: दर दिवशी किती किलोमीटर विनामूल्य आहेत, कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, आणि सूर्यास्तानंतर शहराबाहेर गाडी चालवल्यास विमा राहतो का. तिसरे कलम आमच्या कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते. ते आम्हाला पाइन क्रीकच्या वाटेवर, आकाश तांबडे होत असताना, पेट्रोल पंपावर भेटलेल्या एका ट्रकचालकाने सांगितले. त्या रात्री आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो.

हे कलम विनाकारण घातलेले नसते. संधिप्रकाशात वॉलबी, कुंपण नसलेल्या कुरणांवरची गुरे आणि रानम्हशी रस्त्यावर येतात. या म्हशी मूळच्या येथील नव्हेत. एकोणिसाव्या शतकात वसाहतींसाठी बेटांवरून आणलेल्या आणि नंतर रानात मोकळ्या झालेल्या कळपांची ती संतती. स्टुअर्ट महामार्गावर १३० किलोमीटरची वेगमर्यादा असली, तरी ती गाठण्याचा अट्टहास नको. तीन-चार डबे जोडलेला, पन्नास मीटरहून लांब ट्रक, ज्याला ‘रोड ट्रेन’ म्हणतात, ओलांडायचा असेल तर समोर किमान दीड किलोमीटर मोकळा सरळ रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडू नये.

माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, टाकी निम्म्यावर आली की इंधन, कागदी नकाशा आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेले नकाशे, एवढी शिस्त पुरेशी आहे. गावांबाहेर मोबाइलची रेंज नसते; असलीच तर टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर मिळण्याची शक्यता सर्वाधिक. आपत्कालीन क्रमांक ००० आहे. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबावे. शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

ककाडू: निदान तीन रात्री

डार्विनहून निघून आर्नहेम महामार्गाने पूर्वेला वळले की सुमारे २५० किलोमीटरवर जाबिरू गाव लागते. एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली विकल्या जातात, त्या घेऊ नयेत. त्यांत बसमधून गवत दिसते. वाटेत फॉग डॅमला थांबावे. १९५० च्या दशकात येथे मोठ्या प्रमाणावर भातशेती करण्याची योजना आखली गेली आणि तिच्या पाण्यासाठी हे धरण बांधले. उंदीर, हंस, खारवट माती आणि बेभरवशाचे पाणी यांनी योजना बुडाली. भात गेला, धरण राहिले आणि पक्ष्यांची चंगळ झाली. भाताच्या देशातून आलेल्या माणसाला हा बांध पाहताना थोडे हसू येते आणि थोडी सहानुभूतीही वाटते.

राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना ऑनलाइन घ्यावा आणि त्याच संकेतस्थळावरील ‘कोणते रस्ते आज उघडे’ हा तक्ता रोज सकाळी पाहावा. सुमारे वीस हजार चौरस किलोमीटरचे हे उद्यान निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसा यादीत आहे. येथील माजेदबेबे या खडकाखालच्या आडोशात माणसाच्या वास्तव्याचा काळ उत्खननातून ६५ हजार वर्षांपर्यंत मागे गेला, असे संशोधकांनी २०१७ मध्ये मांडले.

पहिल्या दिवशी दुपार टाळून उबिरला जावे. येथील खडकावरील चित्रांत मासे ‘क्ष-किरण’ पद्धतीने काढलेले आहेत, म्हणजे बाहेरचा आकार आणि आतला कणा, काटे, पोटातील अवयव एकाच वेळी दिसतात. त्यांतला पाठीला कुबड असलेला, मोठ्या जबड्याचा मासा पाहून मी थबकलो, कारण तो बॅरामुंडी, म्हणजे आपला जिताडा आहे. पेण-अलिबागच्या खाजणात मिळणारा आणि जावयासाठी राखून ठेवला जाणारा जिताडा आणि हा मासा शास्त्रीयदृष्ट्या एकच जात आहे. कणा कुठे वळतो आणि गाभोळी कुठे असते, हे त्या चित्रकाराला मासा कापणाऱ्या आपल्या कोळणीइतके नेमके ठाऊक होते. शेजारच्या एका खडकावर थायलसिन, म्हणजे शेपटीकडे वाघासारखे पट्टे असलेला प्राणी आहे, जो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला. चित्रांना हात लावू नये आणि फोटोबंदीची पाटी असेल तेथे फोटो काढू नये. मग माथ्यावर चढून नादाब पाणथळीवरचा सूर्यास्त पाहावा. चढ थोडकाच असला तरी शेवटचा टप्पा खडकाचा आहे. परतीसाठी विजेरी न्यावी आणि त्या रात्रीचा मुक्काम जाबिरूलाच ठेवावा.

उबिरजवळच ईस्ट ॲलिगेटर नदीवर कहिल्स क्रॉसिंग हा सखल पूल आहे. नदीचे नाव चुकीचे आहे. संशोधक फिलिप पार्कर किंगने मगरींना ॲलिगेटर समजून ते ठेवले आणि कोणी बदलले नाही. भरतीचे पाणी पुलावरून मागे येऊ लागले की त्यासोबत येणारे मासे पकडण्यासाठी मगरी ओळीने प्रवाहात तोंड करून उभ्या राहतात. हे दृश्य फक्त उंचावरच्या चौथऱ्यावरून पाहावे. पलीकडे आर्नहेम लँड सुरू होते आणि त्यासाठी तेथील मूळ मालकांचा स्वतंत्र परवाना लागतो, म्हणून पूल ओलांडून ‘जरा पाहून येऊ’ असे करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुइंडाहून निघणारी येलो वॉटर या पाणथळीची नौका घ्यावी. सूर्योदयाचीच, इतर फेऱ्यांत प्राणी कमी आणि ऊन जास्त. कमळांच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, काळ्या मानेचा उंच करकोचा, ज्याला येथे जाबिरू म्हणतात, आणि ओंडक्यासारखी पडलेली मगर हे सगळे दोन तासांत दिसते. दुपारनंतर बुरुंगकुय, म्हणजे नूर्लांजी, येथील चित्रे पाहावीत; विजेचा अधिपती नामारगोन तेथे अंगाभोवती विजेचा पट्टा घेऊन उभा आहे.

मे-जूनमध्ये रस्त्याकडेला आग दिसली तर घाबरू नये. गवत पूर्ण वाळण्याआधी थोडे थोडे जाळून टाकण्याची ही जुनी पद्धत आहे, जिच्यामुळे पुढचे मोठे वणवे टळतात. ज्वाळांच्या कडेवर घारी घिरट्या घालून पळणारे नाकतोडे टिपतात. गाडीच्या काचा लावून सावकाश पुढे जावे.

जिम जिम धबधब्याची गंमत अशी की तो पाहायला रस्ता उघडतो तेव्हा पाणी ओसरत चाललेले असते, आणि पाणी जोरात असते तेव्हा रस्ताच नसतो. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला नशीब असेल तर दोन्ही जुळते. शेवटचे दहा किलोमीटर खडतर आहेत आणि नंतर दगडांवरून किलोमीटरभर चालावे लागते. गुडघे दुखत असतील तर विमानातून पाहावा.

कॅथरीन आणि लिचफील्ड

ककाडू महामार्गाने दक्षिणेला पाइन क्रीकपाशी स्टुअर्ट महामार्ग गाठावा आणि तेथून नव्वद किलोमीटरवर कॅथरीन गाव. जवळच निटमिलुक राष्ट्रीय उद्यानातल्या तेरा घळी आहेत. ही भूमी १९८९ मध्ये जावोयन लोकांना परत मिळाली आणि उद्यानाचे व्यवस्थापन आता संयुक्त आहे. कोरड्या मोसमात घळींमधल्या खडकांमुळे नदीचे तुकडे पडतात, त्यामुळे एक नौका सोडून खडकावरून चालत दुसऱ्या नौकेत बसायचे असते. दोन रात्री पुरतात. परतताना लेलिन, म्हणजे एडिथ फॉल्स, येथे थांबावे.

लिचफील्ड डार्विनपासून दीड तासावर आहे, तरी एक रात्र बॅचलर गावात काढावी, म्हणजे फ्लॉरेन्स फॉल्स आणि ब्युली रॉकहोल सकाळी आठच्या आत, गर्दीआधी मिळतात. बाहेरच्या पर्यटकांना येथे टेरिटरीचा उद्यान परवाना लागतो. वाटेतील चुंबकी वारुळे पाहण्यासारखी आहेत: थडग्याच्या शिळेसारखी पातळ, आणि सगळी उत्तर-दक्षिण दिशेने उभी, त्यामुळे दुपारचे ऊन फक्त त्यांच्या धारेवर पडते. सकाळी पूर्वेची बाजू तापते, संध्याकाळी पश्चिमेची, आणि आतली वाळवी त्यानुसार सरकत राहते.

पोहण्याबाबत एकच नियम: त्या दिवशीच्या पाटीवर ‘उघडे’ असे लिहिले असेल, तरच उतरावे. खाऱ्या पाण्यातली मगर नावाप्रमाणे खाऱ्यातच राहत नाही. पावसाळ्यात पुराबरोबर ती नद्यांतून शेकडो किलोमीटर आत येते. मोसम संपल्यावर वनरक्षक प्रत्येक डोह तपासून, सापळे लावून मगच तो खुला करतात. १९७१ मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा अगदी थोड्या उरलेल्या या मगरी आज टेरिटरीत लाखाच्या आसपास आहेत. इतर पर्यटक पोहताना दिसले म्हणून पाणी सुरक्षित समजू नये, आणि नदीकाठी तंबू पाण्यापासून किमान पन्नास मीटर दूर ठोकावा.

दिवसांची मांडणी

डार्विन तीन रात्री, जाबिरू-कुइंडा तीन, कॅथरीन दोन, बॅचलर एक आणि शेवटी पुन्हा डार्विन एक, अशा दहा रात्रींत हे वर्तुळ पूर्ण होते. फाटे धरून सुमारे बाराशे किलोमीटर गाडी चालते. आठच दिवस असतील तर कॅथरीन वगळावे. ककाडूतली रात्र कापू नये.

शेवटच्या दिवशी गाडी परत करण्यापूर्वी तिची तांबडी धूळ धुऊन घ्यावी, नाही तर स्वच्छतेचे पैसे वेगळे लागतात. मग संध्याकाळी स्टोक्स हिल धक्क्यावर बॅरामुंडी मागवून फळ्यांच्या कडेला बसावे. आपल्याकडच्यासारखे आंबट-तिखट कालवण तेथे मिळत नाही, तळलेला मासा आणि बटाट्याच्या काचऱ्या मिळतात. ओहोटी असेल तर खाली खांबांवर पाणी कुठपर्यंत चढते त्याची शिंपल्यांची रेघ दिसते, आणि ती माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर असते.